दीड किलोचं भांडण

अहो, तुमच्या तेराव्याला आलेल्या माणसांनी तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलून ठेवलंय, की ते ऐकून तुम्हीच मला विचारलं असतंत, "हो कोण गो माणूस?" शांत, सोशीक, कुणाला उलट शब्द न बोलणारे ड्रॉइंगचे सर. सगळं खरंच. पण बोलता बोलता प्रत्येकाची नजर ओसरीवरच्या टेबलाकडे जायची. तिथे एक पांढरं, चपटं, दोन चाकांचं काहीतरी पालथं पडलेलं, आणि त्याच्या पोटातून लाल-काळ्या वायरी बाहेर आलेल्या.

"ह्या काय?" लोक हळूच विचारायचे.

"लढाईचं यंत्र," मी सांगायची. "रोबोट. सरांनी केलंय. दुसऱ्याच्या रोबोटशी मारामारी करायला."

तुमचे हेडमास्तर तर चहा तसाच ठेवून टेबलापाशी गेले आणि हात मागे बांधून वाकून बघत राहिले. वर्गात दंगा झाला तरी छडी न उचललेला माणूस निवृत्त झाल्यावर घरात बसून मारामारीची यंत्रं करत होता, हे त्यांच्या गळी उतरेना. माझ्याही कुठे लगेच उतरलं होतं?

तुम्हाला आठवत असेल, याला कारण माझे डोळे. डोळ्यांच्या तपासणीसाठी आपण गोव्याला गेलो होतो. मला थेंब घालून बसवलं होतं, सगळं धुरकट दिसत होतं, आणि तुम्ही "जरा फिरान येतंय" म्हणून जे गेलात ते आलातच नाहीत. शेवटी मीच डोळे मिचकावत बाहेर आले. रस्त्यापलीकडच्या कॉलेजात कसला तरी उत्सव होता. पोरांच्या गर्दीत, एका मोठ्या पारदर्शक पेटीला नाक लावून तुम्ही उभे. आत दोन यंत्रं एकमेकांवर धावत होती. एकाने दुसऱ्याला असा काही टोला हाणला की ते उडून छताला लागलं. आणि तुम्ही हसलात. नेहमीचं, मिशीतल्या मिशीत नव्हे. मान मागे टाकून, मोठ्याने. मला धड काही दिसत नव्हतं, पण ते हसणं कानांनी बरोबर टिपलं. असं हसलेले तुम्ही मला लग्नातसुद्धा आठवत नाही.

परतीच्या एसटीत कुडाळ येईपर्यंत तुम्ही मला नियम समजावलेत. तीन मिनिटांची झुंज. ज्याचं यंत्र हलेनासं होईल तो हरला. दोन्ही हलत राहिली तर पंच ठरवणार. आपल्यासारख्यांना परवडेल असा सगळ्यात बरा गट म्हणजे दीड किलोचा.

"दीड किलो," तुम्ही म्हणालात. "म्हणजे एक बऱ्यापैकी सुरमई."

मला वाटलं, आठवड्यात विसराल.

पुढच्या बाजाराला तुम्ही मालवणहून जाड पांढरा प्लास्टिकचा पाट घेऊन आलात, कोळणी ज्याच्यावर मासे कापतात तसला. मला केवढं बरं वाटलं, इतक्या वर्षांनी माणसाला माझ्या स्वयंपाकघराची आठवण झाली! दुपारी बघते तर तुम्ही करवतीने त्याचे चार तुकडे केलेले. आंब्याच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आधी कागदी यंत्रं केलीत, ती ओसरीवर ओळीने मांडलीत आणि जेवायला बोलावलं तरी त्यांच्याकडेच बघत बसलात. चाकांसाठी माझ्या नव्या रबरी स्लीपर गेल्या. मोटरी, बॅटरी, रिमोट हे सगळं मेधाने पुण्याहून मागवून पाठवलं. फोनवर ती मला म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय?" मी म्हटलं, "काय झालं नाय. बरे आसत." आणि खरंच तुम्ही बरे होतात.

आता ते बोलते, जे आपण दोघं कधीच बोललो नाही.

तुमचा हात थरथरायला लागला होता. निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यात कधीतरी. आचऱ्याच्या खाडीवर बसून तुम्ही होड्या काढत होतात आणि मी बाजूला शेंगा सोलत होते. होडीची डोलकाठी काढताना रेघ थरकली. तुम्ही कागद उलटा केलात, पुन्हा काढलीत, पुन्हा थरकली. मग रंगांची पेटी बंद करून म्हणालात, "वारो खूप आसा." वारा नव्हता. चार दिवसांनी ती पेटी तुम्ही शाळेला देऊन टाकलीत. मी विचारलं तर "कंटाळो इलो" एवढंच.

मी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स. लोकांचे हात बघण्यातच माझी नोकरी झाली. कपबशीचा आवाज मला तुमच्या आधी ऐकू आला होता. आमच्या डॉक्टरांना मी आडून आडून विचारूनही घेतलं. त्यांनी सांगितलं, हा वाईटातला कंप नाही, वयाचा आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नाही, हे त्यांनी बरोबरच सांगितलं. पण ज्याने उभं आयुष्य फळ्यावर एका दमात गोल काढून पोरांना थक्क केलं, त्या माणसाला ते काय होतं हे मला कळत होतं. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीही बोलले नाही. फक्त तुमचा कप अर्धाच भरायला लागले.

आणि म्हणून ती यंत्रं. मला हे हळूहळू उमजलं. कानशीने घासताना हात हलला तरी कानस घासतच राहते. पुठ्ठ्याचा साचा ठेवून आखलं की रेघ सरळच येते. शिकंज्यात धरलेला तुकडा हलत नाही, आपण हललो तरी. तुम्हाला पुन्हा काहीतरी डोक्यातून काढून डोळ्यांसमोर ठेवता येत होतं. डाग देताना मात्र पंचाईत व्हायची. वितळलेला कथलाचा थेंब भलत्याच ठिकाणी पडायचा. तेव्हा तुम्ही हाक मारायचात, "गो, जरा हय धर." मी धरायची. वायर धरण्याच्या निमित्ताने तुमचं मनगटही धरायची. दोघंही वायरीकडेच बघायचो.

पहिलं यंत्र तुम्ही खेकड्यासारखं केलंत, अगदी कुर्ली. केवढं देखणं होतं! लालसर-तपकिरी पाठ, तिच्यावर बारीक ठिपके, पुढे दोन नांग्या, वर काढलेले डोळे. स्पर्धेला गोव्याच्या त्याच कॉलेजात गेलो आणि वजनकाट्यावर कुर्ली जास्त भरली. थोडीशीच, पण जास्त. पंच म्हणाला, "काका, रंगाचं वजन आहे हे." तुमचा चेहरा! तीन हात रंग दिले होते तुम्ही. मी पर्समधून कात्री काढली आणि तिथेच खाली बसून कुर्लीची पाठ खरवडायला घेतली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात, लेकराला टाके घालताना बाप उभा राहतो तसे.

"झाला?" तुम्ही विचारायचात.

"डोळे रवले."

"डोळे नको काढू गो!"

डोळे ठेवले. नांग्या गेल्या. कुर्ली काट्यात बसली.

झुंजीत रिमोट तुमच्या हातात होता. अंगठा थरथरत होता आणि त्याच्याबरोबर कुर्लीही जागच्या जागी डावी-उजवीकडे थरथरत होती. माझ्या मागची पोरं आपसात म्हणत होती, "काका मस्त फसवतायत, कुठे जाणार कळतच नाही." मला हसावं की रडावं कळेना. समोरच्याने मात्र न फसता सरळ येऊन एक धडक दिली. आतली वायर सुटली आणि कुर्ली गप्प झाली. संपलं. एवढ्यासाठी आपण पहाटेची गाडी पकडून आलो होतो.

मला वाटलं, आता हे मिटलं. येताना एसटीत सावंतवाडी सुटल्यावर तुम्ही म्हणालात, "वायर आतल्या बाजून घेवक होयी होती." मग माझ्याकडे वळून हसलात. ते हसणं हरलेल्या माणसाचं नव्हतं.

मग आपलं खरं भांडण सुरू झालं. तुम्हाला हवी होती फिरणारी चकती. पोलादाची, गरगर फिरून समोरच्याला फाडणारी. मी म्हटलं, या घरात ते येणार नाही. गवत कापायच्या यंत्राने, लाकडाच्या कटरने कापलेली बोटं घेऊन माणसं दवाखान्यात यायची, कधी बोट वेगळं फडक्यात बांधून. मी ती फडकी सोडलीत. तुम्ही म्हणालात, मी काळजी घेईन. मी म्हटलं, ती फडकी घेऊन येणारी माणसंही काळजीच घेत होती.

तरी तुम्ही केलीत. मी बाजाराला गेलेली बघून घरामागच्या परड्यातल्या कोरड्या हौदात यंत्र सोडलंत, वर जुनं दार आडवं टाकलंत आणि चकती चालू केलीत. मी पाणंदीत असतानाच आवाज ऐकला. धावत आले तर दाराच्या फटीतून निसटलेला चकतीचा तुकडा पोफळीच्या खोडात रुतून बसलेला, बरोबर तुमच्या छातीच्या उंचीला. तुम्ही चार हात बाजूला, पांढरेफटक.

मी ओरडले नाही. आत गेले आणि भात लावला. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुठ्ठ्याचं नवीन यंत्र माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलंत. त्याला चकती नव्हती. पुढे एक रुंद, पातळ पातं होतं, जे समोरच्याच्या खाली शिरून त्याला उचलणार होतं. उलथण्यासारखं.

"ह्या कोणाचा बोट कापणा नाय," तुम्ही म्हणालात.

"आणि समोरच्याचा काय करतला?"

"घावन परतूचा तसा परततला."

मी हसले. राग गेला असं नाही, पण हसले.

मग तुम्ही रिमोट माझ्या हातात दिलात. मी साधी स्कूटर कधी चालवली नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हटलं, "माका कित्याक?"

तुम्ही टेबलावरचे स्क्रू गोळा करत होतात. मान वर न करता म्हणालात, "पोर हातात वळवळता तरी तुजी सुई चुकणा नाय. मी बघलंय. तू चालव."

मी म्हटलं, "बरा."

त्यानंतरचे महिने आपल्या संसारातले सगळ्यात चांगले होते, असं मी म्हटलं तर मेधाला वाईट वाटेल, पण होते. सकाळी तुम्ही हौद झाडून ठेवायचात. मी चहा झाला की खुर्ची टाकून बसायची आणि उलथणं चालवायची. तुम्ही हौदात नारळ ठेवायचात, कधी दगड भरलेला डबा, कधी माझीच जुनी कढई. मी खाली पातं घालायची, उचलायची, भिंतीपर्यंत नेऊन आपटायची. तुम्ही काठावर बसून सूचना द्यायचात. त्यातल्या निम्म्या चुकीच्या असायच्या, कारण तुम्ही माझ्या समोर बसायचात आणि तुमची उजवी बाजू माझी डावी असायची. खाऱ्या हवेने जोड हिरवे पडायचे, ते पुसायचे, ग्रीस लावायचं, पुन्हा चालू. लग्नानंतर तुमची शाळा आणि माझ्या ड्युट्या यांत आपण एकमेकांना जेवढे भेटलो नाही, तेवढे त्या हौदाकाठी भेटलो.

दुसऱ्या स्पर्धेत आपल्यासमोर ती रिया नावाची मुलगी होती, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. तिच्या यंत्राला भलीमोठी फिरती चकती. माझ्याकडे बघून ती तुम्हाला म्हणाली, "काकी चालवणार?" तुम्ही म्हणालात, "हो. जरा जपून हां." ती समजली, तुम्ही मला जपायला सांगताय. तुम्ही तिला सांगत होतात.

पेटीचं दार बंद झालं, घंटा झाली. पहिल्याच धडकेत आपलं यंत्र कोपऱ्यात जाऊन आदळलं. चकतीचा आवाज असा, की माझ्या दातांत शिरला. मागून तुम्ही ओरडत होतात, "मागे! मागे घे गो! डावीकडे!" मी काहीच ऐकत नव्हते. मी तिच्या यंत्राच्या चाकांकडे बघत होते. ते वळायला लागलं की एक चाक किंचित उचललं जात होतं, चकतीच्या जोराने. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी त्या उचललेल्या चाकाखाली पातं घातलं आणि कळ दाबली.

ते यंत्र उलटं झालं. उलट्या अंगाने त्याची चकती जमिनीला लागली आणि ते भोवऱ्यासारखं गोल गोल फिरत राहिलं, पण चाकं वर. सरळ काही होता येईना.

आणि तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलंत. भर गर्दीत, सगळ्यांदेखत, घशाच्या शिरा ताणून. "सुलभा! सुलभा!" दवाखान्यात मी सिस्टर होते, माहेरी ताई, तुमच्या तोंडात कायम "गो". माझं नाव तुम्हाला येतं की नाही, अशी मला कधी कधी शंका यायची. पंच आकडे मोजत होता. मी रिमोट धरून तशीच उभी, आणि मला त्याचे आकडे ऐकूच येत नव्हते.

पुढच्या झुंजीत आपली उचलायची मोटर जळाली, वास आला, धूर आला आणि आपण हरलो. त्याचं काही नाही. रिया आपल्यापाशी येऊन बसली. उलथणं हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि तुम्हाला विचारलं, "सर, हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?"

तुम्ही दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एकात एक गुंतवून, थरथर दिसू नये असे. ते तुम्ही सोडवलेत आणि तिच्यासमोर उघडे धरलेत. म्हणालात, "ड्रॉइंग माझं. हात हिचे."

ती हसली, तिला विनोद वाटला. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझे डोळे भरले होते आणि या वेळी थेंबांचं निमित्तही नव्हतं. तेवढंच. त्या एका वाक्यात आपलं सगळं बोलून झालं. मग तुम्ही म्हणालात, भूक लागली, आणि आपण माशांचं जेवण जेवायला गेलो. तुम्ही माझ्या ताटातली तळलेली मांदेलीसुद्धा संपवलीत.

त्यानंतर चकतीला मीच हो म्हटलं. माझ्या अटींवर: हौदावर जाड लोखंडी झाकण, डोळ्यांना चष्मा, आणि चालू असताना दोघांनीही भिंतीमागे. तुम्ही सगळ्या अटी इतक्या पटापट मान्य केल्यात, की मला आणखी दोन घालाव्यात असं वाटलं. मग नवीन वाद निघाला, चकतीला दात एक असावा की दोन. तुमचं म्हणणं एक, म्हणजे खोल चावेल. माझं म्हणणं दोन, म्हणजे तोल राहील, नाहीतर यंत्र अंगात आल्यासारखं थरथरेल. त्यावर तुम्ही म्हणालात, "थरथरू दे. थरथरणाऱ्यांक काय लढूक येणा नाय?"

तुम्ही स्वतःच्या तोंडाने तो शब्द काढलात, तोही हसत. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळची ही गोष्ट. मी तुम्हाला म्हटलं, उद्या बघू.

सकाळी तुम्ही माझ्याआधी उठलात. स्वतःचा चहा स्वतः केलात, पूर्ण कपभर. मी बाहेर आले तर टेबलापाशी खुर्चीत मान कलती, चष्मा नाकावर, पुढ्यात यंत्र पालथं. मला न बघताही कळलं, तरी सवयीने हात नाडीवर गेला. तुमचा हात कितीतरी दिवसांनी अगदी स्थिर होता. मी तो बराच वेळ धरून बसले आणि मग मेधाला फोन केला.

तुमच्याबद्दल मला रडू येतं, पण कीव येत नाही. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. पुष्कळ माणसं मी जाताना पाहिली आहेत. हाताशी काम ठेवून, उद्याचं भांडण शिल्लक ठेवून जाणारी फार थोडी.

दातांचं अजून ठरलेलं नाही. मेधा म्हणते, आई, आता तुझंच खरं, दोन करून टाक. पण समोरचा उठून गेल्यावर जिंकलेल्या भांडणाला चव नसते. असू दे काही दिवस तसंच.

मेधा परवा पुण्याला गेली. काल दुपारी मी तुमचं यंत्र टेबलावरून उचललं. आतलं काम तुम्ही पुरं केलेलं होतं, फक्त चकती लावायची राहिली होती. मला वाटलं, निदान चालतं का ते बघावं. बॅटरी चार्ज केली, यंत्र हौदात सोडलं आणि काठावर बसून रिमोटची कळ पुढे ढकलली.

ते मागे आलं.

मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा पुढे ढकलली, जरा जोराने. ते आणखी वेगाने मागे आलं, सरळ माझ्याकडे, आणि माझ्या पायाखालच्या भिंतीला येऊन टेकलं. मग माझ्या ध्यानात आलं. दोन्ही मोटरींच्या वायरी तुम्ही उलट जोडल्यात. मी धरायला नव्हते ना. त्या सकाळी एकट्यानेच जोडल्यात.

मी हसायला लागले. आधी हळू, मग थांबेचना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारची पारूवयनी कुंपणावरून घाबरून डोकावली. बिचारीला वाटलं, माझं काही बिनसलं.

"सिस्टर! काय झाला गो?"

"काय नाय," मी म्हटलं. "ह्येंनी वायरी उलट्यो जोडल्यानी."

तिला काहीच कळलं नाही. ती परत आपल्या कामाला गेली. त्या वायरी बदलायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. उद्या बदलीन. काल मात्र ऊन उतरेपर्यंत मी तिथेच बसून होते, त्याला पुन्हा पुन्हा पुढे पाठवत होते, आणि ते पुन्हा पुन्हा माझ्याकडे येत होतं.